वसईचा कोट आणि भोंवतालची वाडी

धर्मग्रामाचा महोत्सव साजरा करितांना मागें वळून पाहाणें हें कर्तव्यच होय. वर्षांची गणना झाली, मिस्सा झाली, मिरवणूक निघाली, एवढ्यानें महोत्सव पुरा होत नाहीं. आपण कोठून आलों, कोणाच्या श्रमांवर उभे आहों, आणि ज्या भूमींत आपल्या वाडवडिलांचीं हाडें विसावलीं आहेत त्या भूमीचें आपण काय देणें लागतों, ह्याचा विचार झाला तरच त्याचें सार्थक. ह्या हेतूनें वसईचा कोट व त्याच्या भोंवतालची वाडी ह्यांचा वृत्तांत संक्षेपानें वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कोट पाहावयास येणारा प्रवासी भग्न मनोरे, छपरें नसलेलीं ख्रिस्तमंदिरें व वडपिंपळांनीं विळखा घातलेल्या भिंती पाहून हळहळतो आणि परत जातो. आपणां ख्रिस्ती जनांस मात्र तेवढ्यावर परतण्याची सोय नाहीं. ज्या सत्तेनें हा कोट बांधिला तिच्याच आश्रयानें आपल्या बहुतेक पूर्वजांस बाप्तिस्मा मिळाला. म्हणून आपल्यांतील कित्येक ह्या भिंतींकडे आपलें गतवैभव म्हणून पाहातात. तर दुसरे कित्येक, परक्यांच्या राज्याची ती खूण आहे, तिचें नांव न काढलेलें बरें, असें समजून गप्प राहातात. आमच्या मतें हे दोन्ही पक्ष इतिहासास धरून नाहींत. तो इतिहास आहे तसा पाहिला म्हणजे अभिमान कशाचा धरावा आणि कशाचा धरूं नये, हें आपोआप कळून येतें.

प्रथम हें ध्यानांत ठेविलें पाहिजे कीं, ह्या प्रांताचें वय कोटाच्या वयाहून पुष्कळ मोठें आहे. कोटापासून उत्तरेस थोड्याच अंतरावर सोपारें आहे. हेंच प्राचीन शूर्पारक बंदर. येथें सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे सांपडले. आणि १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनीं येथील एक टेकाड खणून त्यांतून बौद्ध स्तूप उजेडांत आणिला. गांवचे लोक त्या टेकाडास ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. म्हणजे पोर्तुगीजांनीं दगडावर दगड ठेवण्यापूर्वी दीड हजारांहून अधिक वर्षें ह्या किनाऱ्यास जगाची ओळख होती.

ख्रिस्ताचें नांवही येथें कोटाच्या अगोदर पोहोंचलें होतें. १३२१ सालच्या एप्रिल महिन्यांत ठाणें येथें चार फ्रान्सिस्कन संन्याशांनीं धर्मासाठीं प्राण दिले. तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर व तिफ्लिसचे देमेत्रियस हीं त्यांचीं नांवें. ठाण्यांत ते एका नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबाच्या घरीं उतरले होते. त्यांचे सोबती दोमिनिकन धर्मगुरु जॉर्डन ह्यांनीं त्यांचीं शरीरें सोपाऱ्यास आणून तेथें मूठमाती दिली आणि पुढेंही ह्याच किनाऱ्यावर उपदेश चालविला. ह्या मंडळीच्या पाठीशीं ना तोफ होती ना तट.

आतां कोटाकडे वळूं. सोळाव्या शतकाच्या आरंभीं वसई गुजराथच्या सुलतानाकडे होती. १५३३ सालीं पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्य ह्यानें वसईवर स्वारी करून तेथील तटबंदी पाडिली. पुढल्याच वर्षीं, २३ डिसेंबर १५३४ रोजीं, मोगल बादशहा हुमायून ह्याच्या भीतीनें ग्रासलेल्या सुलतान बहादुरशहानें तहानें वसई व तिच्याखालील मुलूख पोर्तुगीजांस देऊन टाकिला. १५३६ सालीं किल्ल्याचें बांधकाम सुरूं झालें. आरंभींची लहानशी गढी, जिला आज बालेकिल्ला म्हणतात, ती पुढें अपुरी पडूं लागली, तेव्हां तिच्याभोंवतीं नवा विस्तीर्ण तट उठला. एका अंगास अरबी समुद्र, दुसऱ्या अंगास उल्हास नदीची खाडी, मध्यें दलदल. अशा जागीं ह्या तटास बुरूज काढून एक दरवाजा दर्याकडे व एक जमिनीकडे ठेविला. बुरुजांस संतांचीं नांवें दिलीं.

ह्या तटाच्या आंत एक संपूर्ण शहर वसलें. संत योसेफाचें मुख्य ख्रिस्तमंदिर, येशूसंघीयांचें मंदिर व विद्यालय, फ्रान्सिस्कन, दोमिनिकन आणि अगस्तीन संन्याशांचे मठ, इस्पितळ, मिझेरिकोर्दियाचें धर्मादाय घर, न्यायकचेरी, बाजार, सर्व कांहीं आंत होतें. संत योसेफाच्या मंदिराच्या दारावरील लेखांत, १६०१ सालीं आर्चबिशप आलेश द मेनेझेस ह्यांच्या कारकीर्दींत त्याचा जीर्णोद्धार झाल्याची नोंद आहे. संत फ्रान्सिस झेवियर १५४८ सालीं गव्हर्नर जुआंव द कास्त्रो ह्याच्या भेटीस येथेंच आले होते. वसई ही पोर्तुगीजांच्या ‘उत्तर प्रांता’ची राजधानी झाली, ठाणें, साष्टी, मुंबई, माहीम, तारापूर इत्यादि ठाण्यांचा कारभार ह्याच कोटांतून चाले. आज जगांत गाजणारी मुंबई त्या काळीं वसईच्या हाताखालील एक भाड्यानें दिलेलें बेट होती, हें आपल्या मुलांस सांगितल्यास त्यांस नवल वाटेल.

परंतु कोटाचें हें वैभव कशावर पोसलें जात होतें? तें भोंवतालच्या वाडीवर. येथील भात, ऊंस, नारळ, येथील जंगलांतील इमारती लांकूड, येथील खाडीचें मीठ व मासळी, ह्यांवर तें शहर जगलें. दगडही येथलाच. गोव्यांतील बोम जेजूच्या ज्या मंदिरांत संत फ्रान्सिस झेवियर ह्यांचें पवित्र शरीर आहे, त्याच्या दर्शनी भागाच्या कोरीव कामासाठीं दगड वसईहून समुद्रमार्गें नेला. तो खाणींतून काढणारे, गलबतांत चढविणारे हात कोणाचे होते, हें लेखांत कोठें नाहीं. पण ते आपल्याच लोकांचे असले पाहिजेत, असें समजण्यास हरकत नाहीं.

येथेंच सत्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तटाच्या आंत मुख्यत्वेंकरून फिदाल्गो म्हणजे पोर्तुगीज सरदार, त्यांचे शिपाई व धर्मगुरु राहात. जमीन कसणारा, ताडमाड चढणारा, जाळें टाकणारा मनुष्य तटाबाहेर राही. गांवचे गांव ह्या सरदारांस खंडानें तोडून दिलेले असत आणि कुळाच्या वांट्यास कष्ट अधिक व सत्ता कांहींच नाहीं, अशी स्थिति होती. शिवाय त्या राज्यांत हिंदु शेजाऱ्यांचीं देवळें पाडलीं गेलीं, त्यांच्या उत्सवांस व विधींस बंदी झाली. आणि १५६० सालीं गोव्यास स्थापन झालेल्या इन्क्विझिशनची दहशत ह्या प्रांतांतही होती. संत फ्रान्सिसच्या नांवानें मठ बांधणाऱ्या राज्यानें हें करावें, हें संत फ्रान्सिसच्या शिकवणीशीं जुळत नाहीं. महोत्सवाच्या पुस्तकांत हें कशास, असें कोणी विचारील. पण जो समाज आपला इतिहास अर्धा झांकून सांगतो, त्याच्या उरलेल्या अर्ध्यावरही कोणी विश्वास ठेवीत नाहीं.

ह्याच कोटाच्या छायेंत एक असा मनुष्य जन्मला कीं, त्याच्यापुढें सर्व फिदाल्गो फिके पडावे. संत गोन्सालो गार्सिया ह्यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईंत झाला. बाप पोर्तुगीज, आई ह्याच मातींतली. कोटांतील येशूसंघीयांच्या हाताखालीं ते शिकले, लहान वयांतच धर्मगुरूंसमवेत जपानास गेले, तेथील भाषेंत पारंगत झाले, कांहीं काळ व्यापारही केला. शेवटीं मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत ब्रदर म्हणून दाखल झाले. १५९३ सालीं फादर पीटर बाप्तिस्त ह्यांचे दुभाषे होऊन ते पुन्हा जपानास गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीच्या टेकडीवर आणखी पंचवीस जणांसह क्रूसावर त्यांनीं प्राण अर्पण केला. १६२७ सालीं त्यांस धन्यवादित व ८ जून १८६२ रोजीं संत म्हणून घोषित करण्यांत आलें. कोटानें कप्तान पुष्कळ पाहिले; त्यांचीं नांवें आज जुन्या दप्तरांत शोधावीं लागतात. ज्याचें नांव घरोघरच्या मुलांस ठेवितात, तो मात्र संघांत ब्रदर होता आणि धर्मगुरूची दीक्षाही त्यास मिळाली नव्हती.

सतराव्या शतकांत कोटास उतरती कळा लागली. १६१८ च्या मे महिन्यांत भयंकर तुफान होऊन शहराची मोठी नासधूस झाली. १६६१ च्या विवाहाच्या करारानें मुंबई इंग्रजांस देण्याचें ठरलें आणि १६६५ सालीं ती त्यांच्या ताब्यांत गेली. त्यासरशी व्यापार हळूहळू तिकडे वळला. १६७४ सालीं मस्कतचे सहाशें अरब चांचे उतरून त्यांनीं तटाबाहेरील ख्रिस्तमंदिरें लुटलीं. हीं मंदिरें वाडीचीं होतीं. ज्यांच्या रक्षणासाठीं म्हणून तट होता, ते लोक तटाबाहेरच होते, हें अशा प्रसंगीं उघड होई.

पुढें मराठ्यांचा उदय झाला. पोर्तुगीज अंमलांतील जुलुमास कंटाळून अंजूरच्या नाईकांसारख्या स्थानिक हिंदु पुढाऱ्यांनीं पेशव्यांकडे धांव घेतली. १७३७ सालीं ठाणें व साष्टी मराठ्यांनीं घेतली आणि १७३९ च्या आरंभापासून चिमाजी आप्पांनीं वसईस वेढा घातला. दलदलींतून मोर्चे लावणें, सुरुंग खणणें, बुरूज उडविणें, खिंडारांतून घुसणें व पुन्हा मागें हटणें, असें तें युद्ध दोन्ही बाजूंनीं मोठ्या निकरानें झालें. मे महिन्यांत सान सेबास्तियांव बुरुजापाशीं सुरुंग उडून मोठें खिंडार पडलें, तेव्हां कप्तान कायतान द सोझ पेरैर ह्यानें १६ मे रोजीं शरणागतीच्या अटींवर सही केली. विजेत्यांनीं त्या प्रसंगीं उदारपणा दाखविला. शिबंदीस मानानें बाहेर पडूं दिलें, शहर खालीं करण्यास आठ दिवसांची मुदत दिली, आणि जे ख्रिस्ती मागें राहातील त्यांस आपल्या धर्माप्रमाणें उपासना करण्याची मोकळीक राहील, हें मान्य केलें. आपण त्या अटीची आठवण कृतज्ञतेनें ठेविली पाहिजे.

२३ मे १७३९ रोजीं कोट रिकामा झाला. सरदार गेले, परदेशी संन्याशी गेले, श्रीमंत घराणीं गोव्याकडे निघून गेलीं. मंदिरांतील घंटा विजयचिन्हें म्हणून देशावर नेण्यांत आल्या. अशा फिरंगी घंटा आजही महाराष्ट्रांत अनेक देवस्थानीं आहेत. वाईजवळ मेणवली येथील घंटेवर १७०७, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांतील घंटेवर १७२१ आणि भीमाशंकर येथील घंटेवर १७२९ हीं सालें आहेत. कित्येकांस त्यांविषयीं विषाद वाटतो. आम्हांस तसें वाटत नाहीं. देवाच्या आराधनेस बोलाविण्यासाठीं ज्या ओतल्या गेल्या, त्या अजूनही शेजाऱ्यांस त्यांच्या परीनें आराधनेसच बोलावीत आहेत.

आतां आपल्या मुख्य प्रश्नाकडे येऊं. सत्ता गेली, तट पडला, मठ ओस झाले, घंटा गेल्या. मग धर्म राहिला कसा? जर तो केवळ कोटाच्या भिंतींवर टेकलेला असता, तर त्या आठ दिवसांत त्यानेंही गांठोडें बांधिलें असतें. त्यास जाण्यास तर कोणी अडविलें नव्हतें. परंतु सांडोर, पापडी, निर्मळ, नंदाखाल, आगाशी ह्या गांवांतील शेतकरी, बागाईतदार, कोळी कोठें जाणार? त्यांचें गलबत नव्हतें, गोव्यास वाडा नव्हता. त्यांची विहीर येथें, माड येथें, आईबापांचें थडगें येथें. ते राहिले, आणि त्यांच्या बरोबर त्यांची श्रद्धा राहिली.

परदेशी संन्याशांच्या जागीं एतद्देशीय धर्मगुरूंनीं काम हातीं घेतलें. धर्मगुरु थोडे, गांवें पुष्कळ, अशा त्या दिवसांत घराच्या ओटीवरील जपमाळेनें, वाटेवरील क्रूसापाशीं म्हटलेल्या प्रार्थनेनें व आजीच्या तोंडच्या गोष्टींनीं मुलांचें धर्मशिक्षण चाललें. फ्रान्सिस्को वाझ द गिमारायश ह्यांनीं ख्रिस्ताच्या दुःखसहनावर ह्याच प्रांताच्या बोलींत रचिलेलें पुराण १६५९ सालीं लिस्बन येथें छापलें होतें. उत्तर कोंकणांतील ख्रिस्ती घरांत तें पिढ्यान् पिढ्या वाचलें गेलें, आणि एकोणिसाव्या शतकांत मुंबईस तें पुन्हा छापावें लागलें. राज्य जाऊन शंभर वर्षें लोटल्यावर एखादा ग्रंथ पुन्हा छापावा लागतो, तो सत्तेच्या धाकानें नव्हे, लोकांस तो हवा असतो म्हणून.

कोटानें त्यानंतर आणखी मालक पाहिले. पेशव्यांनीं वसईचें नांव बाजीपूर ठेविलें. १७८० सालीं जनरल गॉडर्ड ह्यानें कोट जिंकला; सालबाईच्या तहानंतर तो मराठ्यांस परत मिळाला. ३१ डिसेंबर १८०२ रोजीं दुसऱ्या बाजीरावानें इंग्रजांशीं केलेला, मराठी राज्याच्या स्वातंत्र्यास घातक ठरलेला तह वसईसच झाला. आणि १८१८ पासून सर्वच मुलूख इंग्रजांच्या हातीं गेला. धर्मकारभारांतही फेरबदल झाले. १८८६ सालीं वसईचीं गांवें दमणच्या नव्या धर्मप्रांतांत गेलीं, १९२८ सालीं तो मोडल्यावर मुंबईच्या महाधर्मप्रांतांत आलीं, आणि २२ मे १९९८ रोजीं वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत होऊन थॉमस डाबरे हे पहिले बिशप झाले. संत गोन्सालो गार्सिया हे त्याचे आश्रयदाते संत. गुजराथी, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज असे चार धनी होऊन गेले. वाडींतील माणसें तींच राहिलीं.

आणि त्यांच्या बोलण्यांत जुन्या काळाच्या खुणा राहिल्या. तटाबाहेर रेमेदी मातेचें मंदिर होतें, त्या गांवास लोक ‘रमेदी’ म्हणूं लागले. मर्सेस हें नांवही तसेंच. सामवेदी मंडळीची कादोडी, वाडवळांची वाडवळी व कोळ्यांची बोली ह्यांत मिस्सा, क्रूस, नाताळ हे शब्द इतके मुरले कीं ते परके वाटेनासे झाले. चावी, पाव, पगार, अननस हे शब्द तर साऱ्या महाराष्ट्रानें आपले केले आहेत.

ह्या वाडीचें वर्णन वसईकरांस काय सांगावें! तरी मुंबईंत वाढलेल्या आपल्या नातवंडांसाठीं चार ओळी लिहितों. माडाच्या व सुपारीच्या छायेंत केळीच्या बागा, पानवेलींचे मळे, फुलांचे वाफे, मध्यें विहीर व तिच्यावर बैलांनीं फिरणारा रहाट. राजेळी केळीं उन्हांत सुकवून केलेलीं आगाशीचीं सुकेळीं. आणि वाडीवाडीच्या कडेस बावखल. बावखल म्हणजे पूर्वजांनीं हातांनीं खणलेलें पावसाच्या पाण्याचें तळें. पावसाळ्यांत तें भरे, तेथून पाणी जमिनींत मुरे, आणि त्यामुळें भोंवतालच्या विहिरींचें पाणी उन्हाळ्यांतही गोड राही. तिन्ही अंगांस खारें पाणी असतां मध्यें गोड्या पाण्याची बाग फुलविणें, हें काम कोणा कप्तानानें केलें नाहीं. तें वाडींतील अडाणी म्हटलेल्या शेतकऱ्यानें केलें, आणि कोटाच्या तटाहून तें अधिक टिकलें.

मात्र आतां त्यास धोका आला आहे. गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत येथील विहिरींचें पाणी टँकरांनीं उपसून बाहेर विकलें जाऊं लागलें, तेव्हां ‘हरित वसई’च्या नांवानें सर्व धर्मांचे लोक एकत्र उठले. त्यांचे पुढारी होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो, जे पुढें २०२० सालच्या उस्मानाबाद येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले व २५ जुलै २०२४ रोजीं देवाघरीं गेले. २००९ सालीं वसई–विरार महानगरपालिका झाली, तेव्हांही आपलीं गांवें तींतून वगळावीं म्हणून लोकांनीं मोठा लढा दिला. ह्या वादांत कोणाचें किती बरोबर, ह्याचा निवाडा करण्याचें हें स्थळ नव्हे. परंतु एक गोष्ट प्रत्येकाच्या हातांतील आहे. बावखल बुजवून तेथें इमारत उठविण्यास परका मनुष्य येत नाहीं. कागदावर सही आपलीच लागते. १७३९ सालीं वाडी कोणी जिंकून घेतली नाहीं, म्हणून धर्मग्राम टिकला. आज ती आपण होऊन दिली, तर पुढल्या महोत्सवास पंगतीस कोण बसेल, ह्याचा विचार ज्याचा त्यानें करावा.

कोटासही आपण विसरूं नये. तो आतां सरकारच्या पुराणवस्तु खात्याच्या रक्षणाखालीं आहे. सहलीस जाणाऱ्या आपल्या तरुणांनीं तेथील भिंतींवर नांवें खरडूं नयेत, मंदिरांच्या जमिनींतील थडग्यांच्या शिळांवर पाय देतांना भान ठेवावें, आणि नागेश्वर महादेवाच्या देवळासमोरूनही आदरानें जावें. तेथें पोर्तुगीज मेले, मराठे मेले. दोघांच्या आत्म्यांसाठीं एक ‘आमच्या बापा’ म्हणण्यास कोणाची हरकत नसावी.

ज्यांचीं नांवें कोणत्याही शिळेवर कोरलेलीं नाहींत, ज्यांनीं रहाट हांकिले, जाळीं विणलीं, दिवसाच्या शेवटीं ओटीवर जपमाळ म्हटली आणि सर्व राज्यांच्या उलाढालींत श्रद्धेचा दिवा विझूं दिला नाहीं, त्या आपल्या पूर्वजांस ह्या महोत्सवाच्या दिवशीं आम्हीं प्रथम वंदन करितों. दयाघन परमेश्वर त्यांस अखंड शांति देवो. आणि वसईचे संत गोन्सालो गार्सिया ह्यांच्या विनवणीनें ही वाडी, तिच्या विहिरींचें गोड पाणी, व शेजाऱ्यांशीं असलेला आपला सलोखा आपल्या मुलांबाळांच्या हातीं सुखरूप पोहोंचो, हीच आमची नम्र प्रार्थना.